कपाट वर येत नाही

आमच्या तळघरातलं कपाट वर आणायचं आणि ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे गावच्या सभागृहात, नेऊन ठेवायचं, एवढंच काम होतं. हॉल आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. मधे एक रस्ता, जो मे महिन्यात रस्ता नसून चिखल असतो, आणि यूनिस बार्लोचं घर. चार धडधाकट माणसं मिळाली तर सकाळच्या कॉफीनंतर सुरू करून जेवायच्या आत संपेल, असं मी सगळ्यांना सांगून बसले होते. आमच्या वयात धडधाकट माणसं चार कुठून आणायची, याचा विचार मी केला नव्हता.

कपाट म्हणजे कपड्यांचं नव्हे. ऑर्गनचा आवाज ज्यातून बाहेर पडतो ते लाकडी कपाट. लायल बीमननं ते स्वतःच्या मापानं बनवून घेतलेलं, त्यामुळे दुकानातल्यापेक्षा थोराड. आत वरच्या बाजूला दोन कर्णे गरगर फिरतात, खाली एक पिंप फिरतं, आणि सूर सरळ तुमच्याकडे न येता खोलीला वळसा घालून येतो. दोन कर्ण्यांपैकी बोलतो एकच. दुसरा आतून बंद असतो. नुसता तोल सांभाळायला समोरून फिरतो. हे मी माझ्या नवऱ्याला, ऑर्विलला, समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्याला म्हणावं, मी ओळखतो तुला." त्या अख्ख्या हिवाळ्यातलं ऑर्विलचं हे सर्वांत लांब वाक्य.

लायल हा 'स्लो फेरी'चा ऑर्गनवाला. ज्यांना स्लो फेरी ठाऊक नाही त्यांची मला कीव येते, पण सांगते. हा बँड एक गाणं सुरू करतो, दोन कडव्यांनंतर ते वाऱ्यावर सोडतो आणि वाजवत वाजवत कुठल्या कुठे निघून जातो. तुम्ही दोनदा बिअर आणता, एकदा कोणाच्या तरी खांद्यावर रडता, आणि मग कधीतरी, जेव्हा आशा सोडलेली असते, तेव्हा तेच गाणं समोरच्या वळणावरून परत येताना दिसतं. दर वेळी वेगळ्या वळणावरून. तरुणपणी आम्ही ते एक गाणं ऐकायला बफेलोपासून बँगोरपर्यंत गाडीत झोपत हिंडलो. माझी आई विचारायची, "काल ऐकलंस तेच आज परत ऐकणार?" मी म्हणायची, "कालचं काल संपलं, आई." आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही, आणि मीही शेवटपर्यंत हिंडायचं थांबवलं नाही.

तर अशाच एका दौऱ्यात त्यांच्या गाडीचा आस आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोडला. लायल म्हणाला, "विनी, कपाट तुझ्या तळघरात राहू दे. पुढच्या महिन्यात नेतो." तेव्हा माझा मुलगा जन्मायचा होता. आता त्याला टक्कल पडलंय.

दर गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात स्लो फेरीची चाहते मंडळी जमतात. एकेकाळी वीस-वीस जण असायचो. आता मी, हॉवर्ड प्रूइट आणि डॅरिल नोवाक. हॉवर्ड निवृत्त दंतवैद्य. उंच काठीवर मायक्रोफोन लावून कार्यक्रम टेप करणारा, आणि त्या काठीच्या आसपास कोणी खोकलं तरी खाऊ की गिळू असा बघणारा. आमच्याकडे टेप करणाऱ्यांना मान असतो. बँडनंच त्यांना परवानगी दिलेली आहे. हॉवर्डच्या टेपांवर सगळं स्लो फेरी आहे, आणि मधूनमधून त्याचं "शू" आहे. डॅरिल हा वाद्यांचा आणि तारांचा जाणकार. बँडच्या गिटारवाल्याकडे होती तश्शी गिटार त्यानं मिळवली आहे, त्याच लाकडाची, त्याच जातीच्या तारांची. ती तो वाजवत नाही. वाजवली तर तिचा सूर बदलेल, असं त्याचं म्हणणं.

मार्चमधल्या अशाच एका गुरुवारी बातमी आली की लायल मे महिन्यात एका शनिवारी दुपारी आमच्या ग्रेंज हॉलमध्ये एकटा वाजवणार आहे. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"पण ऑर्गन नाही आणणार तो," हॉवर्ड म्हणाला. "हल्ली काखेत मावेल एवढा कीबोर्ड घेऊन फिरतो. त्यावर एक बटण असतं. ते दाबलं की कर्णे फिरल्यासारखा आवाज येतो."

"फिरल्यासारखा," मी म्हटलं.

"हुबेहूब, विनी."

"हुबेहूब म्हणजे तोच नव्हे. माझ्या तळघरात खरं कपाट आहे आणि माणूस बटण दाबणार?"

हॉवर्डनं डोनटवरची साखर झटकली. दात काढायच्या आधी पेशंटशी बोलायचा तसा त्याचा आवाज मऊ झाला. "विनी, तो फरक आता कोणालाच ऐकू येत नाही. तज्ज्ञांनासुद्धा नाही. आणि तुला तर, वाईट वाटून घेऊ नकोस, मी दाराची घंटा दोनदा वाजवली आज."

वाईट वाटून घेऊ नकोस असं म्हणून जे सांगितलं जातं, ते त्याचसाठी सांगितलेलं असतं. पहिल्या दौऱ्यापासून मला पुरुष मंडळी ऑर्गन समजावून सांगत आली आहेत. कोणी सांगतं आतले काचेचे व्हॉल्व्ह तापल्याशिवाय सूर गोल होत नाही. कोणी सांगतं जाड तारांशिवाय गिटार रडत नाही. आणि सगळे सांगतात ते माझ्याकडे न बघता, माझ्या मागे माझा कोणी जाणकार भाऊ उभा असल्यासारखे. मी ऐकून घेतलं. पण माझ्या कानांना कोणी नावं ठेवलेली मी खपवून घेत नाही.

"लायल त्या शनिवारी कपाटातूनच वाजवेल," मी म्हटलं. "आणि पाठ फिरवून बसून मी तुला सांगेन कोणतं कपाट आणि कोणतं बटण."

"आणि नाही सांगता आलं तर?"

"येईल."

"नाही आलं तर तूच हॉलमध्ये सगळ्यांदेखत म्हणायचंस की फरक नाही," हॉवर्ड म्हणाला.

डॅरिल साक्षीदार राहिला. ऑर्विलनं वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळघरात उतरलो. उंदरांनी मुक्या कर्ण्यात घर केलं होतं. बोलक्या कर्ण्याला मात्र त्यांनी हात लावला नव्हता, त्यावरून त्यांची रसिकता मला पटली. डॅरिलनं नवे पट्टे चढवले, तेल घातलं, आणि दोन्ही कर्णे कुरकुरत फिरू लागले. मग आम्ही ते जिन्याकडे सरकवलं, आणि तिथे कळलं की जिना कपाटापेक्षा अरुंद आहे.

"मग हे खाली गेलं कसं?" डॅरिलनं विचारलं.

गेलं बाहेरून. तेव्हा घराच्या मागच्या अंगाला तळघरात उतरायचं तिरकं दार होतं. त्यातून पाणी यायचं म्हणून ऑर्विलनं ते काढून तिथे दगडी भिंत चढवली होती. अख्खा उन्हाळा तो एकेक दगड हातात फिरवून बघत बसला होता. बोलला नव्हता, पण दगडांशी बोलत असावा.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही, आणि लोक सल्ले घेऊन येऊ लागले. पोस्टमास्तरीणबाईंचं मत पडलं, जिना काढा. चर्चमधल्या एका गृहस्थांचं मत, घर थोडं उचला. त्यांच्या मेहुण्यानं नदीच्या पुरानंतर उचललं होतं. माझ्या मुलानं फोनवर सांगितलं, आई, ते घर विकलंस तर कपाटाचा प्रश्न घेणाऱ्याचा होईल. डॅरिलनं मात्र करवत आणली.

"कमरेतून आडवं कापायचं. वर नेऊन परत जोडायचं. काम संपलं."

हॉवर्ड पांढराफटक पडला. "कापायचं? ते एकसंध लाकूड आहे. त्या काळचा सरस आहे त्यात. एकदा चिरलं की सूर गेला."

"पण हॉवर्ड," मी म्हटलं, "फरक तर कोणालाच ऐकू येत नाही ना?"

"नाहीच येत," हॉवर्ड म्हणाला. "पण कापायचं नाही."

आणि इथे आम्ही ती चूक केली, जी फक्त आमच्यातलीच माणसं करू शकतात. खोकं कापवत नाही म्हणून घर फोडायचं, असं तिघांच्या मतानं ठरलं. मागची भिंत काढायची, कपाट बाहेर, भिंत परत. हे बोलताना आम्हाला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

भिंत फोडायची तर गावच्या वारसा समितीची परवानगी लागते, कारण आमचं घर जुन्या घरांच्या यादीत आहे. समितीची अध्यक्ष यूनिस बार्लो. यूनिसची एक पद्धत आहे. अध्यक्ष म्हणून बोलताना ती चष्मा लावते आणि शेजारीण म्हणून बोलताना काढते.

चष्मा लावून ती म्हणाली, "विनिफ्रेड टॅलकॉट, तुमच्या घराची ही मागची भिंत आमच्या पाहणीत खास नोंदवलेली आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या गवंडीकामाचा उत्तम नमुना. हात लावता येणार नाही." चष्मा काढून म्हणाली, "विनी, जिना काढ ना बाई. कोणाला कळतंय."

"जिना काढला तर आम्ही खाली-वर कसं करणार? आणि यूनिस, ती भिंत ऑर्विलनं बांधलीय. तू तेव्हा त्याला लिंबू सरबत आणून दिलं होतंस."

चष्मा लागला. "असं पाहणीत नाही."

"मग ऑर्विलला विचार."

ऑर्विल समितीच्या सभेत आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. समितीनं त्याला ती भिंत शंभर वर्षांपूर्वीची आहे की त्याची, असं सरळ विचारलं. त्यानं समितीच्या कागदावरचं 'उत्तम नमुना' पुन्हा एकदा वाचलं. आयुष्यभर यानं गावचे रस्ते बर्फातून मोकळे केले, आणि कोणी त्याला चांगलं केलंस म्हणालं नव्हतं. उलट बर्फ माझ्याच दारात का ढकललास म्हणायचे.

"समितीला दिसलं ते दिसलं," ऑर्विल म्हणाला आणि बसला.

घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

भिंतीला संरक्षण मिळतं तर कपाटालाही मिळालं पाहिजे, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मग दोन्ही बरोबरीची झाली की भिंतीनं वाट द्यावी, असा माझा तर्क. डॅरिलनं अर्ज केला. समिती तळघरात उतरली आणि डॅरिलनं त्यांना व्हॉल्व्ह, पट्टे, पिंप, लाकूड असं इतकं समजावून सांगितलं की एक सभासद पिंपावर टेकून डुलकी काढू लागला. हॉवर्डनं सांगितलं की स्लो फेरीची चांगली वर्षं याच कपाटातून आली. मी सांगितलं की चांगली वर्षं अजून संपलेली नाहीत.

यूनिसनं निकाल वाचला. समितीला कपाटाचं महत्त्व पूर्णपणे पटलं होतं. सदर वस्तू वारसा म्हणून घोषित करण्यात येत असून ती यापुढे आहे त्या जागेवरून हलवता येणार नाही.

"म्हणजे?" मी विचारलं.

चष्मा निघाला. "म्हणजे, विनी, आधी निदान ते कापता तरी येत होतं."

हॉवर्ड एवढा हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. गुरुवारी आला तो म्हणाला, "सोडून दे आता. लायल हॉलमध्ये बटणावर वाजवेल, छान वाजवेल, आपण टाळ्या वाजवू. तू पैज हरलीस असं मी कोणाला सांगणार नाही." म्हणजे सगळ्यांना सांगणार.

"कपाट वर येत नाही, तर लायल खाली येईल," मी म्हटलं. "हॉलमध्ये जायच्या आधी, फक्त पैजेपुरता. समितीनं कपाट हलवायला बंदी घातलीय. वाजवायला नाही."

शनिवारी लायल आला. चावऱ्या काळ्या माश्यांचा ढग बरोबर घेऊनच आला. दोन्ही गुडघे नवे बसवलेले, केस पाठीवर तेवढेच, फक्त पांढरे. काखेत खरंच तो कीबोर्ड. हॉलमध्ये लोक जमू लागले होते, घडीच्या खुर्च्या उघडल्याचा आवाज इथवर येत होता. मी त्याला पैज सांगितली. त्याला गंमत वाटली.

"पाच मिनिटं, विनी. मग मला तिकडे जायचंय."

डॅरिल त्याला धरून खाली घेऊन गेला. ठरलं असं, की एक तुकडा लायल बटण दाबून साध्या स्पीकरमधून वाजवेल, तोच तुकडा बटण न दाबता कपाटातून. क्रम डॅरिल ठरवणार. मी वर स्वयंपाकघरात, जिन्याच्या दाराकडे पाठ करून. समोर हॉवर्ड, मी वळून बघत नाही हे बघायला. खिडकीशी यूनिस, वारशाला धक्का लागत नाही हे बघायला. ऑर्विल ओव्हनमधल्या गोड 'पाय'साठी रूबार्बचे आंबट देठ कापत होता.

पहिला तुकडा वाजला. माझ्या अंगावर काटा आला. सूर गोल, मऊ, घरभर वळसा घेऊन आलेला. मग दुसरा. तो जरा खरखरीत वाटला, मधेच काहीतरी कुरकुरत होतं, सूर कडेनं झिजल्यासारखा.

"पहिला कपाट," मी म्हटलं. "विचारायची गरजच नाही."

खालून डॅरिलचा आवाज आला. तो बिचारा खोकला आधी. "पहिला बटण होता, विनी."

हॉवर्डनं टेबलावरचा डोनट उचलला आणि अगदी सावकाश खाल्ला. तो काही बोलला असता तर मला परवडलं असतं.

सबबी माझ्याजवळ भरपूर होत्या. जिन्याचं दार अर्धंच उघडं होतं. पट्टे नवे होते. माझ्या डाव्या कानाला सकाळपासून दडा बसला होता. त्यातली एकही मी काढली नाही. चुकले म्हणजे चुकले.

"चुकले मी," मी म्हटलं. "पण फरक आहे."

"ही काय बोलायची रीत झाली?" हॉवर्ड म्हणाला. "तुला फरक कळला नाही, हे आत्ताच सिद्ध झालं."

"मला कळला नाही हे सिद्ध झालं. फरक नाही हे झालं नाही."

"फरक नाही असं हॉलमध्ये म्हणायची अट आहे. सगळ्यांदेखत."

"येते ना. लायलला वर बोलाव, म्हणजे एकदमच जाऊ."

पण खाली वाजवणं थांबलं नव्हतं. पैजेचा तुकडा केव्हाच संपला होता आणि लायल पुढे गेला होता. ते आमचं जुनं गाणं होतं, त्याचं दुसरं कडवं संपत आलं होतं, आणि मला माहीत होतं यानंतर काय होतं.

"डॅरिल," हॉवर्डनं जिन्यातून हाक मारली, "सांग त्याला, लोक थांबलेत."

खाली वाजवणं चालूच राहिलं.

"मी बघते," यूनिस म्हणाली आणि तिनं चष्मा लावला. "संरक्षित वस्तू इतका वेळ वापरायची नसते." ती खाली गेली. थोड्या वेळानं मी जिन्यातून वाकून पाहिलं तर चष्मा तिच्या हातात होता.

हॉलमधून एक माणूस चौकशीला आला. त्याला मी खाली पाठवलं. मग त्याची बायको त्याला शोधायला आली. मग पोस्टमास्तरीणबाई, मग चर्चचे गृहस्थ, मग ज्यांना मी ओळखत नव्हते अशी माणसं, घडीच्या खुर्च्या काखेत मारून, चिखलाचे बूट माझ्या पुसलेल्या फरशीवरून नेत, मला नुसतं "बाई, सरका जरा" म्हणत खाली उतरू लागली. वर कोणीच येत नव्हतं.

"हा काय पोरखेळ आहे," हॉवर्ड म्हणाला. "मी त्याला हाताला धरून आणतो." हॉलसाठी आणलेली मायक्रोफोनची काठी त्याच्या हातात होती, ती तशीच घेऊन तो उतरला. मला तिचं टोक जिन्याच्या छताला घासल्याचं ऐकू आलं. मग ते ऐकू येईनासं झालं.

स्वयंपाकघरात मी आणि ऑर्विल राहिलो. फडताळातले कप एकमेकांना लागून किणकिणत होते. ऑर्विलनं सुरी खाली ठेवली.

"एवढा हादरा," तो म्हणाला. "माझी भिंत बघून येतो."

"तुझी?" मी म्हटलं.

तो गेला. तोही आला नाही.

माझाही मान आहे. हरलेल्या बाईनं लगेच धावत जाऊ नये. मी त्या 'पाय'ची कणीक मळली, पारी लाटली, रूबार्ब भरला, ओव्हन लावला. गाणं केव्हाच दिसेनासं झालं होतं; लायल कुठल्यातरी रानात होता, आणि त्याला परत यायची घाई नव्हती. बटणावर हा माणूस पाच मिनिटांत उठला असता. असं मी हात पुसत स्वतःशी म्हटलं, आणि जिन्याचं दार उघडलं.

तळघर भरलेलं होतं. कोळशाच्या कोनाड्यात, धुण्याच्या यंत्रावर, बरण्यांच्या फळीखाली माणसं. ऑर्विल भिंतीला पाठ लावून उभा. कर्णे दिसतील म्हणून डॅरिलनं कपाटाची मागची फळी काढली होती, आणि त्यांच्या फिरण्यानं लायलचे केस हलत होते. जिन्याची एकेक पायरी बसलेल्या माणसांनी व्यापली होती. सगळ्यात वरच्या पायरीवर हॉवर्ड, काठी दोन गुडघ्यांत धरून, मायक्रोफोन लोकांच्या डोक्यांवरून पुढे काढून. माझ्याच घरात मला बसायला जागा नव्हती.

"हॉवर्ड," मी म्हटलं.

"शू."

लायलचा डावा हात खाली उतरला, आणि मला वाटलं गाणं आता परत येतंय. आलं नाही. तो आणखी एका वळणाला लागला. हॉवर्डनं डोळे पुसले आणि मागे न बघता कुजबुजला, "तू हरलीस हां, विनी."

"हरले," मी म्हटलं. "सरक."